प्रारण निर्जंतुकीकरण व प्लॅस्टिकची वैद्यकीय साधने

गॅमा किरण, क्ष-किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉनांची शलाका यांच्या योगाने वस्तूवरील सर्व सूक्ष्मजीव नष्ट करण्याच्या क्रियेस प्रारण निर्जंतुकीकरण म्हणतात. एकदा वापरून टाकून द्यावयाच्या सिरिंजा, सलाइनच्या नळ्या, मूत्रमार्गात घालावयाच्या नळ्या, शस्त्रक्रियेचे हातमोजे, टाके घालण्याचे दोरे तसेच शरीरात कायमचे बसविले जाणारे कृत्रिम सांधे यांसाठी ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर रूढ झाली. वस्तू बंद वेष्टनात ठेवूनच तिच्यावर प्रारण सोडता येते, उष्णता लागत नाही व कोणताही विषारी वायू मागे राहत नाही, हे तिचे मुख्य गुण होत. मात्र जे प्रारण सूक्ष्मजीवांचा नाश करते तेच प्लॅस्टिकच्या रेणूंवरही आघात करते. हा आघात पुष्कळदा त्याच दिवशी दिसत नाही. तो काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी प्रकट होतो. या उशिरा प्रकट होणाऱ्या परिणामाची ओळख पटण्यास वैद्यकाला सुमारे चाळीस वर्षे लागली.

प्रारंभ : व्हिल्हेल्म कोनराट रंटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी म्यूनिक येथील एफ. मिंक यांनी हे किरण जंतुनाशक ठरतील काय, असा प्रश्न प्रयोगाने तपासून पाहिला. तथापि त्या काळच्या क्ष-किरण नलिका इतक्या दुर्बल होत्या की, या कल्पनेचा व्यवहारात उपयोग होण्यासारखा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. अणुभट्ट्यांमुळे कोबाल्ट (६०) हा किरणोत्सर्गी समस्थानिक मोठ्या प्रमाणावर मिळू लागला आणि इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देणारी यंत्रे कारखान्यात बसविण्याइतकी भरवशाची झाली. याच सुमारास रुग्णालयात प्लॅस्टिकचा प्रवेश होत होता. काचेची सिरिंज व रबरी नळी उकळून किंवा वाफेच्या दाबपात्रात १२१° से. तापमानास ठेवून पुनःपुन्हा वापरता येत असे. पॉलिएथिलीन व पॉलिस्टायरीन यांच्या वस्तू मात्र अशा वाफेत मऊ होऊन वाकड्या होत. दुसरा मार्ग एथिलीन ऑक्साइड या वायूचा होता. अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेत चार्ल्स फिलिप्स व सॉल के यांनी १९४९ मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केल्यावर त्याचा वापर वाढला. पण हा वायू स्फोटक व विषारी असून प्लॅस्टिकमध्ये मुरून राहतो. पुढे १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना केली.

प्रारणाचा औद्योगिक वापर प्रथम अमेरिकेत झाला. न्यू जर्सीतील एथिकॉन या कंपनीने १९५६ च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या दोऱ्यांसाठी इलेक्ट्रॉन शलाका वापरण्यास सुरुवात केली. ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाने १९६० मध्ये वाँटेज येथे कोबाल्ट (६०) वर चालणारे संयंत्र सुरू केले व बाहेरच्या उत्पादकांचा माल तेथे प्रारित करून देण्यास आरंभ केला. ऑस्ट्रेलियात डँडेनाँग येथे याच काळात उभारलेले संयंत्र मात्र वैद्यकीय वस्तूंसाठी नव्हते. गालिच्यांसाठी येणाऱ्या बकऱ्यांच्या केसांतील सांसर्गिक काळपुळीचे जंतू मारणे हा त्याचा मूळ हेतू होता.

मात्रा किती असावी हा प्रश्न लवकरच पुढे आला. ब्रिटन व अमेरिका यांनी २·५ मेगॅरॅड ही मात्रा पुरेशी मानली, तर स्कँडिनेव्हियन देशांनी त्याहून अधिक मात्रेचा आग्रह धरला. ग्रे हे एकक १९७५ मध्ये स्वीकारले गेल्यावर २·५ मेगॅरॅड ही मात्रा २५ किलोग्रे या नावाने ओळखली जाऊ लागली. दहा लाख वस्तूंत एखादी वस्तूच सजंतुक राहण्याची शक्यता असावी, ही त्यामागील कसोटी होय. मात्रेविषयीचा हा वाद दोन दशके जंतुशास्त्रज्ञांमध्येच चालला होता. मात्रा वाढविली तर वस्तूचे काय होईल, हा विचार त्यात गौण राहिला.

प्लॅस्टिकवर होणारी क्रिया : पंचवीस किलोग्रे ही मात्रा ऊर्जेच्या दृष्टीने लहान आहे. तेवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान जेमतेम ६° से. वाढेल. परंतु ही ऊर्जा उष्णतेप्रमाणे सर्वत्र सारखी पसरत नाही. ती ठिकठिकाणी एकवटून रासायनिक बंध तोडते. सूक्ष्मजीवाचे डीएनए व प्लॅस्टिक यांत येथे एक साम्य आहे. दोन्ही लांब साखळीचे प्रचंड रेणू होत आणि लांब साखळी मध्येच तुटली की तिचे काम थांबते. साखळीतील लक्षावधी दुव्यांपैकी मोजकेच दुवे तुटतात, पण तेवढ्याने साखळीची लांबी निम्म्यावर येते आणि प्लॅस्टिकचे बळ तर साखळीच्या लांबीवरच अवलंबून असते. फरक इतकाच की, सूक्ष्मजीवाकडे डीएनएच्या फार थोड्या प्रती असतात म्हणून तो मरतो; प्लॅस्टिकमध्ये साखळ्या अगणित असल्याने ते टिकून राहते, निदान काही काळ.

बंध तुटल्यावर जे रेणूंचे तुकडे उरतात त्यांना मुक्त मूलके (अपुऱ्या जोडीच्या इलेक्ट्रॉनामुळे अतिशय क्रियाशील बनलेले अणुगट) म्हणतात. त्यांच्यापुढे दोन मार्ग असतात. शेजारच्या साखळीवरील मूलकाशी संयोग झाल्यास दोन साखळ्यांमध्ये आडबंध निर्माण होतो व पदार्थ अधिक घट्ट बनतो. ऑक्सिजनाशी संयोग झाल्यास पेरॉक्साइडे बनतात आणि साखळ्या तुटण्याची मालिका सुरू होते. पॉलिएथिलिनामध्ये आडबंध तयार होतात, हे हार्वेल येथील आर्थर चार्ल्सबी यांनी अणुभट्टीतील प्रारणाच्या साहाय्याने १९५२ मध्ये दाखविले. विजेच्या तारांची आवरणे व उष्णतेने आकसणाऱ्या नळ्या हे उद्योग याच अभ्यासातून वाढले. प्रारणामुळे प्लॅस्टिक सुधारते, अशी आशा त्या काळी सर्वत्र होती आणि ती निराधारही नव्हती. पण चार्ल्सबी यांचे निष्कर्ष सर्व प्लॅस्टिकांना सारखे लागू पडत नव्हते.

पदार्थापदार्थांतील हे अंतर फार मोठे आहे. पॉलिस्टायरिनाच्या साखळीवरील बेंझीन वलये ऊर्जा शोषून घेऊन ती निरुपद्रवी रीतीने विखुरतात, त्यामुळे हा पदार्थ नेहमीच्या मात्रेच्या अनेक पटी सहन करतो. पॉलिकार्बोनेट पिवळसर होते, पण त्याचे बळ फारसे घटत नाही. याउलट कोणत्याही आम्लाला दाद न देणारे टेफ्लॉन हवेत थोड्याच मात्रेने भुकटीसारखे ठिसूळ बनते. बंधबळ अधिक म्हणून प्रारणसहत्वही अधिक, असे समजणाऱ्यांना हे उदाहरण अनपेक्षित होते. पॉलिअॅसिटल हेही असेच दुर्बल ठरले.

पॉलिव्हिनिल क्लोराइडातून प्रारणामुळे हायड्रोक्लोरिक अम्ल सुटते व साखळीत एकाआड एक द्विबंध तयार होऊन नळी पिवळी पडते. हा दोष असला तरी त्याचा एक उपयोगही करण्यात आला. आम्लाने रंग बदलणारे रंजकद्रव्य मिसळलेल्या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकची पिवळी टिकली खोक्यावर चिकटवितात. प्रारणानंतर ती लाल होते आणि कोणते खोके संयंत्रातून गेले आहे हे कामगाराला एका दृष्टिक्षेपात कळते. हार्वेलच्या लाल परस्पेक्सचे तुकडे प्रारणाने काळवंडतात, त्यावरून तर मात्राच मोजली जाते. पॉलिव्हिनिल क्लोराइडाविषयी अधिक गंभीर शंका १९७० मध्ये पुढे आली. प्रारित केलेली नळी पुन्हा एथिलीन ऑक्साइडाने निर्जंतुक केल्यास तीत क्लोरोहायड्रीन हे दाहक द्रव्य तयार होऊन श्वासनलिकेस इजा होते, असे अमेरिकेतील भूलतज्ञांनी सांगितले. या निष्कर्षाविषयी पुढे मतभेद झाले. तथापि एका पद्धतीने निर्जंतुक केलेली वस्तू दुसऱ्या पद्धतीने पुन्हा निर्जंतुक करू नये, हा नियम रुग्णालयांत त्यानंतर पक्का झाला.

पॉलिप्रोपिलिनाचा प्रश्न : टाकाऊ सिरिंजेसाठी सर्वांत सोयीचे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिप्रोपिलीन. जूल्यो नात्ता यांनी ते १९५४ मध्ये इटलीत तयार केले आणि १९५७ मध्ये त्याचे कारखानी उत्पादन सुरू झाले. स्वस्त, हलके, अर्धपारदर्शक व औषधांशी सहसा क्रिया न करणारे हे द्रव्य सिरिंजेसाठी जणू योजूनच केलेले वाटत होते. मात्र त्याच्या साखळीत प्रत्येक दुसऱ्या कार्बन अणूवर मिथिल गट असतो आणि तेथील एकुलता हायड्रोजन अणू सहज निघून जातो. त्या जागी ऑक्सिजन बसला की साखळी तुटण्याचा मार्ग मोकळा होतो.

यातील खरी अडचण वेळेची होती. पॉलिप्रोपिलीन अंशतः स्फटिकमय असते. स्फटिकांच्या आत निर्माण झालेली मुक्त मूलके तेथे अडकून पडतात, कारण तेथे साखळ्यांना हालचाल करता येत नाही व ऑक्सिजनालाही शिरकाव नसतो. ती सावकाश स्फटिकाच्या पृष्ठाकडे सरकतात, तेथे ऑक्सिजन त्यांची वाटच पाहत असतो. परिणामी संयंत्रातून बाहेर पडलेली सिरिंज तपासणीत उत्तम ठरे व गोदामात काही महिने राहिल्यावर दट्ट्या दाबताना तिचा काठ मोडे किंवा नळीस तडा जाई. औषध देताना सिरिंज मोडणे म्हणजे मात्रा चुकणे, प्रसंगी बोटाला इजा होणे. उष्ण हवामानात हा ऱ्हास अधिक वेगाने होतो, म्हणजे जेथे साठवणीच्या सोयी कमी तेथेच धोका अधिक.

उपाय शोधताना प्रथम नेहमीची फिनॉल वर्गातील प्रतिऑक्सिडीकारके वाढविण्यात आली, पण प्रारणाने त्यांचेच रंगीत पदार्थांत रूपांतर होऊन सिरिंज पिवळी दिसू लागली. पिवळी सिरिंज जुनी किंवा मळकी समजून कोणी घेत नसे. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जोएल विल्यम्स, व्हिव्हियन स्टॅनेट व त्यांचे सहकारी यांनी वेगळी वाट काढली. मूलके अडकून पडतात म्हणून हानी लांबत जाते, तेव्हा त्यांना लवकर भेटू द्यावे, असा त्यांचा विचार होता. पॉलिप्रोपिलिनात थोडे हायड्रोकार्बन तेल मिसळले असता साखळ्या सैल होतात आणि मूलके ऑक्सिजनाशी गाठ पडण्यापूर्वीच परस्परांशी संयोग पावून नाहीशी होतात. याच्या जोडीला अमाइन वर्गातील रंग न आणणारी स्थैर्यकारके व थोडे एथिलीन मिसळून केलेली सहबहुवारिके वापरात आली. इलेक्ट्रॉन शलाकेचाही येथे एक फायदा दिसून आला. कोबाल्टच्या संयंत्रात वस्तू कित्येक तास राहते व त्या काळात हवेतील ऑक्सिजन प्लॅस्टिकमध्ये झिरपत राहतो; शलाकेखाली तीच मात्रा काही सेकंदांत मिळत असल्याने ऑक्सिजनाला तेवढी सवड मिळत नाही.

कृत्रिम सांधे : सिरिंज मोडली तर दुसरी घेता येते. शरीरात बसविलेल्या सांध्याचे तसे नसते. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयातील शल्यचिकित्सक जॉन चार्न्ली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्याची वाटी प्रथम टेफ्लॉनची केली होती. ती फार लवकर झिजली व तिच्या कणांनी रुग्णांस त्रास झाला. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन वापरले व आधुनिक सांधारोपणाचा पाया घातला गेला. त्यांच्या आरंभीच्या वाट्या रसायनांनी निर्जंतुक केलेल्या होत्या. एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीपासून मात्र हवेसह बंद केलेल्या वेष्टनात गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची रीत सुरू झाली आणि सुमारे पंचवीस वर्षे जगातील बहुतेक सांधे याच रीतीने तयार झाले.

पॉलिएथिलिनात आडबंध तयार होतात, म्हणजे प्रारणाने ते बळकट होते, हा समज येथे आडवा आला. तो समज अर्धाच खरा होता. आडबंध तयार होतात हे खरे, पण स्फटिकांत अडकलेली मूलके याही पदार्थात शिल्लक राहतात आणि वेष्टनातील हवेत, तसेच पुढे शरीरातील द्रवांत ऑक्सिजन असतोच. रुग्णांच्या शरीरातून काढलेले सांधे कापून तपासले असता पृष्ठाखाली सुमारे एक मिलिमीटर खोलीवर पांढरा पट्टा आढळू लागला. या पट्ट्यातील पॉलिएथिलीन इतके ऑक्सिडीभूत झालेले असे की, बोटाने त्याचे पापुद्रे निघावेत. अमेरिकेतील डार्टमथ येथील जॉन कोलिअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात अशा अनेक सांध्यांची तपासणी करून दाखविले की, बसविण्यापूर्वी सांधा कपाटात किती वर्षे पडून होता यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते. गुडघ्याच्या सांध्यात पृष्ठभागाचे पापुद्रे सुटत. खुब्याच्या सांध्यात झिजेचे बारीक कण सभोवतालच्या पेशींना चेतवीत आणि हाड विरघळू लागून सांधा सैल होई. असा सांधा काढून पुन्हा बसविण्याची शस्त्रक्रिया पहिल्या शस्त्रक्रियेहून कठीण असते व ती बहुधा वृद्धांच्याच वाट्यास येते. झिजेचा दोष प्रथम घडणीला, धातूच्या गोळ्याला किंवा रुग्णाच्या वजनाला दिला जात होता. निर्जंतुकीकरणाकडे संशयाने पाहिले गेले नाही, कारण त्या क्रियेची नोंद ‘पूर्ण’ म्हणून केव्हाच झालेली होती.

यानंतर उत्पादकांनी वेष्टनातून हवा काढून टाकली, तीत नायट्रोजन किंवा आर्‌गॉन भरला अथवा प्रारण सोडून देऊन एथिलीन ऑक्साइडाचा वा वायू आयनद्रायूचा आश्रय घेतला. या दुसऱ्या मार्गात एक अनपेक्षित गोष्ट आढळली : मुळीच प्रारित न केलेल्या वाट्या ऑक्सिडीभवन टाळत, पण आडबंधांच्या अभावी अधिक झिजत. म्हणजे प्रारणाची हानी व प्रारणाचा लाभ यांना वेगळे करणे भाग होते. ओसाका येथे हिरोनोबू ओनिशी यांनी १९७१ पासून १००० किलोग्रे इतक्या प्रचंड मात्रेने आडबंधित केलेल्या वाट्या बसविल्या होत्या व त्या फार थोड्या झिजल्या होत्या, पण त्यांच्या कार्याकडे दीर्घकाळ कोणी लक्ष दिले नव्हते. सुमारे १९९८ पासून ५० ते १०० किलोग्रे मात्रा देऊन नंतर पदार्थ वितळबिंदूच्या आसपास तापविण्याची पद्धत आली. उष्णतेने साखळ्या मोकळ्या होतात व अडकलेली मूलके संपुष्टात येतात. तापविल्याने बळ थोडे घटते म्हणून २००७ पासून ई जीवनसत्त्व मिसळलेले पॉलिएथिलीनही वापरात आले. निर्जंतुकीकरणाच्या दुप्पट ते चौपट मात्रा दिलेला सांधा कमी मात्रेच्या सांध्याहून टिकाऊ ठरला, ही या इतिहासातील सर्वांत विलक्षण घटना म्हणावी लागेल.

भारतातील वापर : संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने तुर्भे (मुंबई) येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले आयसोमेड हे संयंत्र १९७४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा प्रारण निर्जंतुकीकरणावरील परिसंवाद मुंबईत भरला. कोबाल्टचे अर्धायुष्य ५·२७ वर्षे असल्याने साठा वेळोवेळी भरून काढावा लागतो. तो राजस्थानातील रावतभाटा येथील अणुभट्ट्यांतून देशातच मिळू लागला. आयसोमेडमध्ये सिरिंजा व नळ्यांबरोबरच खेड्यातील सुइणींसाठी तयार केलेले प्रसूतिसंचही निर्जंतुक केले जात. नाळ कापण्याचे पाते व बांधण्याचा दोरा वेष्टनातून थेट हाती येत असल्याने, जेथे दाबपात्र नाही व पाणी उकळण्याचीही खात्री नाही, तेथे नवजात अर्भकाचा धनुर्वातापासून बचाव होण्यास अशा संचाची मोठी मदत होते. प्लॅस्टिकच्या ऱ्हासाविषयीची कोणतीही चर्चा हा लाभ डोळ्याआड करून पुरी होणार नाही. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात एड्सचा प्रसार लक्षात आल्यावर काचेच्या सिरिंजा मागे पडल्या व एकदाच वापरावयाच्या सिरिंजांची गरज सर्वत्र वाढली.

अलीकडील अनुभव : निर्जंतुकीकरणाच्या मात्रेविषयी १११३७ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. २५ किलोग्रे ही मात्रा डोळे झाकून देण्याऐवजी वस्तूवर मुळात जंतू किती आहेत हे मोजून मात्रा ठरवावी व वस्तू सहन करू शकेल अशी कमाल मर्यादाही निश्चित करावी, ही दृष्टी त्यामुळे रूढ झाली. वस्तू ५५° ते ६०° से. तापमानास काही आठवडे ठेवून तिचे वार्धक्य आधीच पाहण्याची चाचणी आता नित्याची आहे. ही चाचणी तापमान १०° से. वाढल्यास क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो या ठोकताळ्यावर आधारलेली असल्याने तिला प्रत्यक्ष साठवणीच्या निरीक्षणाची जोड द्यावीच लागते.

तरीही नवे प्रश्न उद्भवत आहेत. जैव औषधे तयार करण्यासाठी पेशी वाढविण्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांत काही पेशी वाढेनाशा झाल्या, तेव्हा पॉलिएथिलिनात मिसळलेल्या फॉस्फाइट वर्गातील प्रतिऑक्सिडीकारकापासून प्रारणानंतर बनणारे एक फॉस्फेट त्यास कारण असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे संरक्षणासाठी घातलेले द्रव्यच बाधक ठरले होते. कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला असता एन-९५ मुखपट्ट्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुन्हा वापराव्यात असे सुचविण्यात आले. प्रयोगात त्या मुखपट्ट्या चेहऱ्यावर पूर्वीप्रमाणेच नीट बसत होत्या व दिसण्यातही कोणताच फरक नव्हता. पण त्यांतील पॉलिप्रोपिलीन तंतूंवरील कायम विद्युत् भार प्रारणाने नाहीसा झाल्याने सूक्ष्म कण अडविण्याची त्यांची क्षमता पुष्कळच घटली होती आणि ती सूचना मागे पडली.